क्रूझवर रात्रीचं जेवण: १४ माणसं, ३ रात्री, एकच टेबल?

कर्वेनगरकरीण

मंडळी, जानेवारीत आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. हॉल नको, आहेर नकोत, हे आईनं आधीच बजावलं होतं. "सगळे तीन दिवस एका जागी राहा, मला तेवढंच हवं," असं तिचं म्हणणं. म्हणून मुंबईहून निघणारी तीन रात्रींची क्रूझ ठरवली. मधे एक दिवस गोवा, एक दिवस नुसता समुद्र. बुकिंग झालंय. आई-बाबा, आम्ही तीन भावंडं जोडीदारांसह आणि सहा नातवंडं असे १४ जण. सगळ्यात धाकटा चार वर्षांचा, बाबा ७८ चे.

आता अडलंय ते रात्रीच्या जेवणापाशी. बोटीकडून पहिली पंगत हवी की दुसरी असं विचारलंय. एका रात्री सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, एका रात्री हिंदी सिनेमाची थीम, असा त्यांचा कार्यक्रम आहे. शिवाय समुद्रावरच्या दुसऱ्या रात्री जेवतानाच आमचं घरचं काहीतरी करायचंय. भावाला रहस्याचा खेळ हवाय (खून कोणी केला, त्या धर्तीचा). बहिणीला औक्षण आणि उखाणे हवेत. बाबांचं इन्सुलिन जेवणाच्या वेळेशी बांधलेलं. धाकटे जावई जैन, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत.

मला खरं विचारायचंय ते असं: तिन्ही रात्री सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचा आग्रह धरू का? की ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा जेवू दे? ज्यांनी अशी मोठी मंडळी बोटीवर नेली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

भटक्या_बावधन

मोकळं सोड. बोटीवर बुफे बराच वेळ उघडा असतो, पोरं पोहून आली की खातात, मोठे शो बघून खातात. सुट्टीत घड्याळ कशाला? आम्ही दोघं आणि मुलगा असे गेलो होतो, एकदाही वेळ ठरवली नाही, मजेत झालं.

चिऊकाऊ

भटक्या, तुम्ही तिघं होतात. आम्ही नऊ जण होतो आणि अगदी हेच केलं, "ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा". चार रात्रींत नऊच्या नऊ जण एकदाही एकत्र बसलो नाही. तिसऱ्या रात्री मी धरून चालले की सासूबाई दिरांबरोबर आहेत, दिरांना वाटलं त्या आमच्याबरोबर. साडेनऊला केबिनमध्ये गेले तर त्या एकट्या बसून घरून आणलेली बिस्किटं खात होत्या. बुफेत एवढ्या गर्दीत ताट घेऊन एकटीनं जागा शोधायची त्यांना भीती वाटली, आणि आम्हाला फोन लावायचा तर समुद्रात रेंज नाही. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला आजही ते आठवलं की गलबलून येतं.

कर्वेनगरकरीण, तिन्ही रात्री एक टेबल. तुमच्या आईनं मागितलंय तेच मुळी ते.

सायली_र

चिऊकाऊ, वाचून कसंतरीच झालं गं.

दर्यावर्दी

प्रवासी जहाजांच्या गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, माझी २२ वर्षं गेली. आता औंधात असतो. थोडं सविस्तर लिहितो.

मोठ्या डायनिंग रूममध्ये एका वेळी सगळे प्रवासी मावत नाहीत, म्हणून दोन पंगती. पहिली साधारण सहा-साडेसहाला, दुसरी आठ-साडेआठला. थिएटरातला शोही त्यासाठीच दोनदा होतो. पहिली पंगत जेवत असते तेव्हा दुसऱ्या पंगतीची माणसं शो बघतात, मग अदलाबदल. म्हणजे जेवणाची वेळ पक्की केली की शोची वेळ आपसूक ठरते. लोक उलटं करतात. आधी शो निवडतात, मग अर्धं कुटुंब थिएटरात आणि अर्धं टेबलावर. चार वर्षांचं मूल आणि ७८ वर्षांचे आजोबा बरोबर असतील तर मी डोळे मिटून पहिली पंगत घेईन. आठच्या पंगतीला गोड येईस्तोवर दहा वाजतात, तोवर लहान मूल टेबलावर डोकं टेकतं.

तुमच्या केबिन चार-पाच असतील आणि बुकिंगही वेगवेगळी. ती सगळी एकमेकांना जोडून घ्या. एजंटला सगळे बुकिंग क्रमांक देऊन "आम्हाला जवळजवळचं टेबल" असं लेखी कळवायचं. ते केलं नाही तर भावाचं कुटुंब पहिल्या पंगतीत आणि तुमचं दुसऱ्या, असं होतं. १४ जणांचं एकच टेबल फार ठिकाणी नसतं. आठ आणि सहा अशी शेजारशेजारची दोन मागा. बोटीवर चढल्यावर दुपारीच डायनिंग रूममध्ये जाऊन टेबल डोळ्यांनी बघा. दारापासून आणि वाढप्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेपासून लांब असलं तर आजी-आजोबांना ऐकू येईल. बदल हवा असेल तर त्याच दुपारी सांगा, पहिलं जेवण झाल्यावर अवघड होतं.

जैन जेवण बुकिंग करतानाच लिहून द्यावं. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींना ते नवीन नाही. कॉर्डेलियाची एम्प्रेस मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून जाते, तिच्यावर जैन जेवण असतं. (बोट १९९० ची, आधी रॉयल कॅरिबियनकडे होती.) तरीही पहिल्या संध्याकाळी हेड वेटरला भेटा. पथ्याच्या प्रवाशाला पुढच्या रात्रीचा मेनू आदल्या रात्रीच दाखवायची पद्धत बहुतेक बोटींवर आहे. त्यातून तुम्ही निवडायचं, मग गॅलीत ते वेगळं काढून करतात. ऐन वेळी "यात कांदा आहे का" विचारलं तर बिचारा वाढपी काय करणार? रस्सा सकाळीच शिजलेला असतो.

इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच घेतात आणि केबिनपाशी यायला संध्याकाळ होते. पहिल्या रात्रीचे जेवायला जायचे कपडेही हातातच असू द्या. केबिनमधला छोटा फ्रीज पुष्कळदा नुसता गारवा देतो, म्हणून औषधासाठी फ्रीज हवा असं आधी कळवा. आणि पदार्थ टेबलावर आल्यावर इन्सुलिन घ्यायचं की आधी, किती आधी, ते तुमच्या डॉक्टरांना विचारून निघा. चार पदार्थ एकामागून एक येणाऱ्या जेवणात मधे बराच वेळ जातो. पहिल्याच रात्री वाढप्याला सांगून बाबांचं पान लवकर आणायला लावा.

सायली_र

काका, आणि औक्षणाचं? निरांजन चालेल का डायनिंग रूममध्ये?

दर्यावर्दी

अजिबात नाही, आणि यात विनंतीलाही जागा नाही. मेणबत्ती, उदबत्ती, कापूर, निरांजन, काहीही पेटतं चालत नाही. केबिनमध्ये तर नाहीच. समुद्रात आग लागली तर बाहेर पळायला रस्ता नसतो, म्हणून जहाजावर आगीइतकी कशाचीच भीती नाही. पूर्वी शेवटच्या रात्री बेक्ड अलास्का नावाचं आइस्क्रीमचं पक्वान्न दिवे मालवून, पेटवून, वाढप्यांच्या मिरवणुकीनं आणायचे. टाळ्यांनी डायनिंग रूम दणाणून जाई. आता मिरवणूक असते, ज्योत नसते.

अण्णा_नारायणपेठ

औक्षण अडायचं कारण नाही. कुंकू लावून सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळावी, अक्षता डोक्यावर ठेवाव्यात. उधळू नयेत, गालिच्यातून वेचणार कोण? दिवा नाही म्हणून ओवाळणं अपुरं राहत नाही. पण बॅटरीचा दिवा मात्र नको. खोटा दिवा लावण्यापेक्षा नसलेला बरा.

एक आठवण लिहितो. माझं आजोळ विजयदुर्गाकडचं. लहानपणी मुंबईहून आगबोटीनं जात असू. डेकवर वळकटी पसरून जागा धरायची, आणि अंधार पडला की आजी दशम्या, लसणीची चटणी आणि गुळाचा खडा काढायची. शेजारच्या वळकटीवरचे अनोळखी लोक आपापली शिदोरी उघडायचे आणि इकडची चटणी तिकडे, तिकडचा सुका बांगडा इकडे असं चालायचं. आजी सोवळ्यातली. ती बांगड्याकडे पाठ करून बसायची, पण आम्हा मुलांना कधी अडवलं नाही. धक्क्यावर उतरेपर्यंत त्या लोकांशी नातं जुळलेलं असे. समुद्रावर एकत्र जेवलेली माणसं विसरत नाहीत. म्हणून चिऊकाऊ यांच्याशी पूर्ण सहमत.

गवतीचहा

अण्णा, आगबोटीची आठवण फार सुंदर. बॅटरीच्या दिव्याबद्दल मात्र मला वेगळं वाटतं. माझी मुलगी हॉस्टेलवर राहते, तिथेही ज्योत लावता येत नाही. भाऊबीजेला भाऊ भेटायला गेला तेव्हा तिनं बॅटरीच्या पणतीनंच ओवाळलं. ताटात उजेड होता आणि त्या उजेडात भावाचा चेहरा दिसत होता. त्या क्षणी मला तरी काही खोटं वाटलं नाही.

अण्णा_नारायणपेठ

चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणूनच दिवा असतो, हे तुमचं म्हणणं पटलं. माझा शब्द मागे घेतो.

रानवारा

रहस्याच्या खेळाबद्दल लिहिते, कारण आम्ही तो केलाय. सिंगापूरहून निघालेल्या बोटीवर, ११ जण होतो. इंग्रजीतला तयार संच विकत घेतला होता. प्रत्येकाला एक पात्र, पानभर संवाद. पहिल्या पंधरा मिनिटांतच फसला. सासऱ्यांना डायनिंग रूमच्या गलबल्यात ऐकू येईना, सात वर्षांच्या पुतणीला खून म्हटल्यावर रडू आलं, आणि सूप आलं तेव्हा सगळ्यांचे हात कागदांनी भरलेले. वाढपी ताट हातात घेऊन उभा.

दुसऱ्या रात्री आम्ही घरचंच रहस्य रचलं आणि ते जमलं. सासूबाईंच्या लग्नात रुखवतातलं करंज्यांचं ताट नाहीसं झालं होतं, आमच्या घरात अजून त्याची चर्चा होते. मग जेवणाचा एकेक पदार्थ संपला की एकेक लिफाफा उघडायचा. सूप आणि मुख्य पदार्थ यांच्यामध्ये दहा-पंधरा मिनिटं मोकळी मिळतात, तेवढाच वेळ खेळायचं. ताट समोर आलं की खेळ बंद. लिफाफ्यात दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर नाही. मुलांना जुने फोटो दिले होते: यातला कोणता माणूस करंजी खाताना दिसतोय, शोधा. शेवटी चोर निघाले सासरेबुवा, स्वतः नवरदेव! त्यांनी ४० वर्षांनी कबुली दिली.

आणि तुमच्या जैन जावयांना वाचणाऱ्याचं काम द्या. त्यांचं जेवण आधी झालेलं असेल, सगळ्यांची तोंडं भरलेली असताना त्यांचंच मोकळं. टेबलावर नुसतं बसून राहण्यापेक्षा त्यांनाही बरं वाटेल.

चिऊकाऊ

रानवारा, जावयांची कल्पना सोन्यासारखी आहे. जानेवारीत मुंबईकडे सूर्यास्त साधारण सव्वासहाला होतो, म्हणजे पहिल्या पंगतीलाही त्यांचं जेवण बसत नाही. पाच-सव्वापाचला त्यांचं ताट मांडून द्यायला सांगा आणि त्या वेळी कोणीतरी सोबत बसा. माझ्या सासूबाईंसारखं त्यांचं होऊ देऊ नका.

डेक्कनक्वीन_प्रेमी

थोडं विषयांतर. मुंबईच्या धक्क्यापर्यंत जायचं कसं ठरवलंय? गाडीनं गेलात तर घाटातल्या गर्दीची धास्ती. डेक्कन क्वीन पुण्याहून ७.१५ ला सुटते, १०.२५ ला सीएसएमटी. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं अगदी जवळ. आणि मुलांना आधी चालतं हॉटेल दाखवा! १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी, तिच्या डायनिंग कारमध्ये खिडकीशी टेबलावर बसून ऑम्लेट किंवा चीज टोस्ट खायचा, बाहेर खंडाळ्याचे बोगदे. माझ्या मुलीला हलत्या टेबलावर कप कसा धरायचा ते तिथेच कळलं.

भटक्या_बावधन

डायनिंग कारला +१. खंडाळ्यात चहा सांडला नाही तर बोटीवर सूप नक्की सांडणार नाही :)

सायली_र

कपड्यांचं कोणी बोललंच नाही. रात्री डायनिंग रूममध्ये हाफ पँट आणि पोहायचे कपडे चालत नाहीत, मुलांच्या बॅगेत एकेक फुल पँट टाका. साडीला कुठेही कोणी अडवत नाही, कॅप्टनच्या खास जेवणालाही. फक्त उंच टाचा नकोत, बोट हलते तेव्हा पाय मुरगळतो. पांढऱ्या कपड्यांच्या रात्रीसाठी मुद्दाम खरेदी करू नका, बाबांचा झब्बा-लेंगा आहेच की.

रानवारा

एक राहिलं. मुलांसाठी काही बोटींवर पंगत फिरती असते. डिस्नेनं १९९८ मध्ये पहिली बोट काढली तेव्हापासून त्यांच्याकडे रोज रात्री कुटुंब वेगळ्या सजावटीच्या रेस्टॉरंटमध्ये जातं आणि वाढपी त्यांच्याबरोबर फिरतात. जागा रोज नवी, चेहरा तोच. मुंबईच्या बोटीवर तसं नसलं तरी तुम्ही एवढं करू शकता: तिन्ही रात्री तोच वाढपी मागा. दुसऱ्या रात्री त्याला मुलांची नावं पाठ होतात आणि कोणाला तिखट नको तेही.

भटक्या_बावधन

सगळं वाचलं. चिऊकाऊंचा अनुभव वाचून माझं पहिलं मत सौम्य केलं, पण पूर्ण सोडलं नाही. थीम असलेल्या रात्री एक टेबल ठीक. पण गोव्याहून परत येता त्या रात्री सगळे दमलेले असतात. तेव्हा मुलांना बुफेत पिझ्झा खाऊ द्या. मोठ्यांनाही कधी नुसतं दोघांनी बसावंसं वाटतं. ५० वर्षं संसार केलेल्या जोडप्याला १२ जणांच्या गराड्याशिवाय एक जेवण नको का?

दर्यावर्दी

हे मला सुचलं नव्हतं, आणि हे बरोबर आहे. वेगळे पैसे भरून जायची छोटी रेस्टॉरंट असतात, तिथे दोघांचं टेबल आधी राखून ठेवा. सरबतं, थंड पेयं, या रेस्टॉरंटचे पैसे आणि सेवाशुल्क तिकिटात धरलेले आहेत का, ते एजंटकडून लिहून घ्या. बोटीवर सगळं कार्डावर मांडलं जातं आणि शेवटच्या सकाळी बिल हातात येतं.

बुफेत शिरताना हात साबणानं धुवा, प्रत्येक वेळी. दारात सॅनिटायझर असतो, पण बोटीवर जुलाब-उलट्या पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही. मुलांना हे निघण्याआधीच शिकवा.

कर्वेनगरकरीण

इतकं मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे खूप आभार. ठरलं असं: पहिली पंगत. पहिली आणि दुसरी रात्र सगळे एकत्र. तिसऱ्या रात्री आई-बाबा दोघंच, बाकीचे मोकळे. लिफाफे मी लिहिणार, वाचणार जावई. औक्षणाला बॅटरीची पणती आणि अंगठी दोन्ही (अण्णा, गवतीचहा, दोघांचंही ऐकलं). परत आले की लिहीनच.

कर्वेनगरकरीण

आलो परत! जरा उशिरा लिहितेय, पण सांगितल्याप्रमाणे सगळं लिहिते.

बुकिंग जोडून घ्या हा दर्यावर्दी काकांचा सल्ला नसता तर आमचं काही खरं नव्हतं. एजंटकडून आलेल्या कागदात भावाचं कुटुंब दुसऱ्या पंगतीला होतं. निघायच्या आठ दिवस आधी लक्षात आलं म्हणून निस्तरलं. टेबलं आठ आणि सहा अशीच मिळाली. मी दुपारीच जाऊन बघितली आणि दाराजवळची बदलून खिडकीजवळची घेतली.

पहिल्या रात्री जावयांचं ताट सव्वापाचला सांगितलं होतं, ते यायला पावणेसहा झाले. त्यांनी घड्याळ बघत भराभर खाल्लं आणि मला फार वाईट वाटलं. हेड वेटरना भेटून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला ताट हजर, सोबत मी आणि बाबा चहा घेऊन बसलो. बाबा आणि जावई इतका वेळ निवांत बोलताना मी १२ वर्षांत पहिल्यांदा बघितले. बोलणं कशावर, तर आमच्या जुन्या लूना मोपेडवर.

रहस्य होतं "बाबांनी आईला लिहिलेलं पहिलं पत्र कोणी फोडलं?" पाच लिफाफे केले होते, तीनच उघडले. तिसऱ्यालाच आत्यानं पाठवलेली कबुली निघाली आणि मग कोणी पुढचे उघडायचं नावच काढेना, कारण आईला ते पत्र पाठ होतं आणि ती म्हणून दाखवायला लागली. चार वर्षांचा तोवर माझ्या मांडीवर झोपला होता.

मग औक्षण. बोट थोडी डुलत होती. आईनं एका हातानं खुर्ची धरली आणि दुसऱ्यानं ताट. नातीनं आग्रह केला, "आजी, उखाणा!" ती जरा थांबली, आणि म्हणाली:

पाण्यावर डुलते पांढरीशुभ्र बोट,
पन्नास वर्षं सोडलं नाही यांनी माझं बोट.

आमचा वाढपी देवगडचा निघाला. त्याच्या हातात सगळ्यांच्या गोडाच्या वाट्या होत्या. त्या त्यानं शेजारच्या रिकाम्या टेबलावर ठेवल्या, आईला वाकून नमस्कार केला, आणि मग वाटीपासून वाटीपर्यंत जात सगळ्यांना वाढलं. बाबांना बिनसाखरेचं.